अन्नावरची वासना

क्षयरोगावर इलाज करणाऱ्या डॉक्टरला आयुष्यभर एक वाक्य इतक्या वेळा उच्चारावे लागते की पुढेपुढे ते त्याच्या स्वभावाचाच भाग होऊन बसते. आणि ते वाक्य म्हणजे, ‘गोळ्या एक दिवसही चुकवू नका.’ सोलापुरात, जेथे यंत्रमागाच्या कोंदट खोल्यांत आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर हा रोग पिढ्यान्पिढ्या वस्तीला आहे, तेथे छातीच्या विकारांची चिकित्सा करण्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली, आणि त्या वर्षांत किती स्त्रीपुरुषांना मी हे वाक्य ऐकवले असेल याची गणती नाही. ते वाक्य खरे आहे. अर्धवट इलाजाने क्षयाचे जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात, आणि मग त्याच घरातल्या लहान मुलाच्या छातीत औषधाला न जुमानणारा क्षय मूळ धरतो, हे मी पाहिलेले आहे. म्हणून त्या वाक्यातील सक्तीविषयी माझ्या मनात आजही तिळमात्र संशय नाही. तथापि मला येथे जे सांगावयाचे आहे ते त्याच्या बरोबर उलट असलेल्या एका दुसऱ्या वाक्याविषयी आहे. जे क्षयाच्या गोळ्या घेणाऱ्या दर माणसाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे, आणि जे बहुधा सांगावयाचे राहून जाते, ते वाक्य असे: ‘अन्नावरची वासना उडाली, अन्न नुसते पाहून मळमळू लागले, तर त्याच दिवशी गोळ्या थांबवा आणि येऊन भेटा, विचारून थांबवू नका, थांबवून मग विचारा.’

या दोन वाक्यांतील विरोध वरवरचा नाही. क्षयाच्या पहिल्या दोन महिन्यांत जी चार औषधे एकत्र देण्याचा शिरस्ता आहे, आणि जी घेणाऱ्या माणसाविषयी आम्ही डॉक्टर मंडळी आपसांत ‘एकेटी चालू आहे’ एवढेच म्हणतो, त्यांपैकी तीन, म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, यकृताला इजा करू शकतात. चौथे एथॅम्ब्युटॉल यकृताच्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी, त्याचा धोका डोळ्यांच्या मज्जातंतूस. पोटातून शोषला गेलेला बहुतेक प्रत्येक पदार्थ सर्वांगात फिरण्यापूर्वी यकृताच्या नाक्यावर थांबतो, तेथे त्याची झडती होते, आणि जे परके असेल त्याचे रूप पालटून त्याला शरीराबाहेरची वाट दाखवली जाते. या झडतीच्या कामातच कधीकधी मूळ औषधापेक्षा अधिक विषारी असा एखादा मधला पदार्थ निपजतो आणि तो झडती घेणाऱ्या पेशींचाच नाश करतो. आयसोनियाझिडचे असे होते. त्याचे रूपांतर करणारे यकृतातील विकर काही माणसांत चपळ असते आणि काहींत मंद. हा भेद आईबापांकडून आलेला असतो, आणि आपल्या देशातील अर्ध्याहून अधिक माणसे मंद गटात मोडतात. अशा माणसाच्या यकृतात हायड्रॅझिन जातीचे विषारी अंश अधिक काळ रेंगाळतात. रिफाम्पिसिन एकटे असता त्या मानाने सौम्य, परंतु ते यकृतातील इतर विकरांना चेतवते आणि त्यामुळे आयसोनियाझिडपासून होणाऱ्या विषाची निपज वाढते. पायराझिनामाइडची हकीगत आणखी निराळी आहे. १९५२ च्या सुमारास ते प्रथम रुग्णांना दिले गेले तेव्हा मात्रा इतकी मोठी होती, आणि तिच्यामुळे काविळीचा उपद्रव इतका झाला, की ते औषध जवळजवळ बाजूला ठेवले गेले. पुढे १९७० नंतरच्या दशकात पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने कमी मात्रेत त्याची परीक्षा घेतली, तेव्हा दीड वर्षाचा इलाज सहा महिन्यांवर आणण्याचे सामर्थ्य रिफाम्पिसिनबरोबर याही टाकून दिलेल्या औषधात आहे असे आढळून आले. तेव्हा ज्या औषधांमुळे यकृताला धोका, त्याच औषधांमुळे सहा महिन्यांत बरे होण्याची हमी, असा हा व्यवहार आहे, आणि तो जाणूनबुजून पत्करूनच आम्ही चिठ्ठी लिहितो.

हे सारे पुस्तकात असते. माझ्या मनाला जे अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की पूर्वी ही इजा रुग्णालयात होत असे, आता ती घरात होते. मिरजेजवळ वानलेसवाडीस, पुण्याजवळ औंधास, मुंबईस शिवडीस क्षयाची जी मोठी रुग्णालये होती त्यांत रुग्ण महिनोन्महिने राहत, आणि ज्याचे ताट सकाळी तसेच परत गेले त्याची वार्ता दुपारच्या आत सिस्टरच्या तोंडून डॉक्टरच्या कानी जाई. १९५६ साली मद्रासला जे क्षयरोग चिकित्सा केंद्र निघाले, त्यात वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या परीक्षणाने ही व्यवस्था मुळापासून बदलली: दाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर राहणाऱ्या गरीब रुग्णाने घरी राहून गोळ्या घेतल्या तरी आरोग्यधामात निजून असलेल्या रुग्णाइतकाच गुण त्याला येतो, हे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाने सिद्ध केले. लक्षावधी गोरगरिबांवर याहून मोठा उपकार क्वचितच कोणत्या शास्त्रीय कागदाने केला असेल. आरोग्यधामाचा खर्च, कुटुंबाची ताटातूट, बुडालेली मजुरी, या सर्वांतून माणसे सुटली. मात्र त्याबरोबर ताटाकडे पाहणारी ती सिस्टरही गेली. पुढे १९९७ पासून सरकारच्या सुधारित कार्यक्रमात रुग्णाने आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर येऊन कर्मचाऱ्याच्या समक्ष गोळ्या गिळाव्यात असा नियम आला, आणि २०१७ पासून पुन्हा रोजची मात्रा सुरू झाली. परंतु या सर्व स्थित्यंतरांत देखरेख करणाऱ्याची नजर गोळीवर राहिली, ताटावर राहिली नाही. हजेरी गोळीची लागते. भुकेची हजेरी कोणत्याच वहीत नसते.

आणि यकृत तर प्रथम भुकेतूनच बोलते. डोळे पिवळे होणे ही फार पुढची गोष्ट झाली; त्याआधी काही दिवस तरी माणसाला अन्न नकोसे होते. येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यावाचून भल्याभल्यांची गल्लत होते. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात थोडेबहुत मळमळणे बहुतेकांस होते. ते गोळ्या घेतल्यावर तासा-दोन तासांत येते, काही खाल्ले की निवळते, आणि संध्याकाळी माणूस नेहमीसारखा जेवतो. ही पोटाची कुरकुर आहे, आणि तिच्यासाठी गोळ्या थांबवण्याचे कारण नाही. यकृताची कुरकुर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर, पहिल्या दोन महिन्यांच्या आत केव्हाही येते. ती दिवसभर टिकते. फोडणीचा वास सोसत नाही. उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो. अंगातले बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखे होते. आणि ज्याला तलफ आहे त्याला विडीसुद्धा नकोशी वाटते. हे शेवटचे लक्षण आमच्या गावात फार उपयोगी पडते. ‘विडी सुटली’ असे जेव्हा एखादा जुना विडीबाज समाधानाने सांगतो, तेव्हा मी त्याचे अभिनंदन करण्यापूर्वी त्याला खिडकीपाशी नेऊन त्याचे डोळे पाहतो. खिडकीपाशी अशासाठी की दवाखान्याच्या ट्यूबलाइटखाली डोळ्यांतला थोडा पिवळेपणा दिसतच नाही. त्याला दिवसाचा उजेड लागतो.

एक विडी वळणाऱ्या बाई मला या संदर्भात नेहमी आठवतात. पन्नाशीच्या आसपासचे वय, घरात तेलुगू बोलणाऱ्या, पण पिढ्यान्पिढ्या सोलापुरात राहिल्याने मराठीही तितकीच अंगवळणी पडलेली. गोळ्या सुरू होऊन महिना होत आला होता; त्या नेहमीच्या तपासणीच्या तारखेला आल्या, कुरकुर म्हणून काही नव्हती, आणि वहीत एकही दिवस कोरा नव्हता.

‘मावशी, जेवण कसं चाललंय?’

‘जेवण कशाचं डॉक्टर! भाकरी करायला बसलं की त्या वासानंच पोटात ढवळतंय. चार दिस झालं, चहा बी नको वाटतोय.’

‘आणि गोळ्या?’

‘गोळ्या घेत्येय की. एक बी चुकवली न्हाई. ओकून पडली तर दुसरी घेत्ये.’

‘लघवीचा रंग कसा आहे?’

‘ती तर पयल्या दिवसापासनं लालच हाय. घाबरायचं न्हाई म्हणून तुमीच सांगितलं व्हतं न्हवं?’

सांगितले होते, आणि सांगितले ते योग्यच होते. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, डोळ्यांतले पाणी यांना नारिंगी-लाल छटा येते, आणि आधी कल्पना न दिलेला रुग्ण रक्त जाते आहे असे समजून हबकतो व औषध टाकून देतो; म्हणून ही सूचना दर रुग्णास द्यावीच लागते. पण त्यामुळे असे होते की काविळीचा जो सर्वांना ठाऊक असलेला, खेड्यातल्या अडाणी माणसालाही कळणारा इशारा, लघवी गडद होणे, तो या एका रुग्णवर्गाच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो. निसर्गाने दिलेल्या दोन-तीन सूचनांपैकी एक औषधाच्या रंगाने आधीच झाकून टाकलेली असते, आणि म्हणून उरलेल्या सूचनांत भुकेच्या सूचनेचे मोल दुपटीने वाढते.

बाईंच्या डोळ्यांत पिवळी छटा होती. रक्त तपासले तेव्हा यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी, जे निरोगी माणसात चाळिसाच्या आत असावयाचे, ते हजाराच्या घरात गेलेले होते आणि बिलिरुबिन तीनच्या वर. ओकून पडलेली गोळी पुन्हा गिळणारी ती बाई आपल्या परीने नेमून दिलेला नियम पाळत होती, आणि प्रत्येक पाळलेल्या नियमाबरोबर यकृताचा आणखी काही भाग जळत होता. सुदैवाने त्या दिवशी तारीख होती म्हणून त्या आल्या. तारीख पंधरा दिवसांनी असती तर काय झाले असते ते सांगण्यासाठी दुसऱ्या एका रुग्णाची कैफियत द्यावी लागते.

तो यंत्रमागावर रात्रपाळी करणारा तरुण होता, लग्न ठरलेला. इलाज दुसरीकडे चालू होता, आणि तेथे त्याला व त्याच्या आईला पहिले वाक्य अत्यंत कळकळीने सांगण्यात आले होते. सहाव्या आठवड्यात त्याला कावीळ झाली. घरच्यांनी काविळीवर जो इलाज या भागात परंपरेने होतो तो केला: कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले, गळ्यात माळ घातली, झाडपाल्याचा रस पाजला, हळद आणि तेल घरातून बंद केले. या उपायांची मी येथे निंदा करणार नाही. पाण्यातून येणारी कावीळ बहुतांशी आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते, एवढेच त्यातले मर्म आहे. या मुलाच्या बाबतीत घात निराळ्याच जागी होता. क्षय हा एक रोग, कावीळ हा दुसरा रोग, अशी त्या घराची सरळ समजूत होती. तेव्हा दोन रोगांवरचे दोन इलाज त्यांनी एकाच वेळी आणि सारख्याच निष्ठेने चालू ठेवले. रोज सकाळी आई त्याला उठवून बसवी, क्षयाच्या गोळ्या हातावर ठेवी, आणि मग काविळीचा रस देई. गोळ्यांमुळेच कावीळ झाली असेल ही शंका कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते, कारण तसे कोणी कधी बोललेच नव्हते.

तो माझ्याकडे आणला गेला तेव्हा दिवसा झोपत होता आणि रात्री जागून असंबद्ध बोलत होता. हात पुढे करावयास सांगितले की पंजे थरथरत खाली पडत. रक्त गोठण्याची क्रिया मंदावली होती. सुई टोचलेल्या जागेतून कितीतरी वेळ रक्त येत राहिले. यकृत निकामी झाल्याची ही सारी चिन्हे होती, आणि यकृतरोपणाची व्यवस्था जेथे होती तेथवर त्याला नेण्याइतका अवधी आणि पैसा या घराजवळ नव्हता. तो गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या आईने पिशवीतून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढून माझ्यापुढे टेबलावर मांडल्या. आपण एकही गोळी चुकवली नाही, हयगय केली नाही, हे तिला मला दाखवावयाचे होते, कारण मुलाची प्रकृती बिघडली ती आपल्या हातून काही राहून गेल्यामुळे, असा आरोप येईल ही तिला धास्ती होती. त्या माउलीला मी काय सांगितले ते येथे लिहीत नाही. परंतु त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात पहिले वाक्य एकटे उच्चारले गेले नाही. ज्यांनी तिला ते एकटे सांगितले त्यांचा हेतू शुद्ध होता याची मला खात्री आहे. गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांची संख्या इतकी मोठी असते, त्यांच्या मागे घरोघर हिंडण्यात कर्मचाऱ्यांचा जीव इतका मेटाकुटीस येतो, की ‘थांबवा’ हा शब्द तोंडातून काढण्याचीच त्यांना भीती वाटते. एकदा मुभा दिली तर उद्या जो तो मळमळीचे निमित्त करून गोळ्या टाकील, असे त्यांना वाटते. माझा अनुभव याच्या उलट आहे. ज्याला थांबवण्याचे नेमके कारण समजले आहे तो माणूस इतर कारणांसाठी कमी थांबतो, कारण आपल्यापासून काही लपवून ठेवलेले नाही हे त्याला कळलेले असते.

थांबवावयाचे केव्हा, यालाही शास्त्र आहे. गोळ्या घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचे एसजीपीटी पहिल्या काही आठवड्यांत थोडे वाढते आणि औषध चालू असतानाच पुन्हा उतरते. यकृत औषधाशी जुळवून घेते. अशा प्रत्येकाचे औषध बंद केले तर क्षयाचा इलाज कोणाचाच पुरा व्हावयाचा नाही. म्हणून मर्यादा ठरलेली आहे: काही त्रास नसेल तर नेहमीच्या कमाल आकड्याच्या पाचपट होईपर्यंत धीर धरावा, मळमळ, ओकारी, अरुची यांपैकी काही असेल तर तिपटीलाच थांबावे, आणि कावीळ दिसली तर आकड्याची वाटही पाहू नये. अमेरिकेतील यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांनी १९७८ साली आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले की औषधाने यकृताच्या पेशींना इजा होऊन तिच्याबरोबर कावीळही आली, तर दहांपैकी निदान एक रुग्ण दगावतो. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम नव्या औषधांची छाननी करताना आजही वापरतात. आपल्या देशातील चित्र याहून गंभीर आहे. बंगळूरच्या एका रुग्णालयाच्या नोंदींत औषधजन्य यकृतविकाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत कारण क्षयाची औषधे हेच होते, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत यकृत एकाएकी निकामी होऊन आलेल्या रुग्णांपैकी साधारण वीसांत एकाच्या बाबतीत मूळ याच गोळ्यांत सापडले. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश वाचले नाहीत. हे वाचून कोणी गोळ्यांना भिऊ नये. क्षयाने मरणारांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. ज्यांचे वय झाले आहे, जे कृश आहेत, ज्यांना हिपॅटायटिस बी आहे, ज्यांना शिंदी वा दारूची सवय आहे, त्यांच्याकडे अधिक लक्ष ठेवावे लागते एवढे खरे. पण तो यंत्रमागावरचा मुलगा यांपैकी कोणत्याच सदरात बसत नव्हता, हेही मला विसरता येत नाही.

औषध थांबवल्यानंतरचा काळ हा या साऱ्या कामातला सर्वांत कठीण काळ असतो, आणि त्याविषयी बाहेर फार थोडे बोलले जाते. एकीकडे यकृत सावरण्याची वाट पाहावयाची, दुसरीकडे छातीतला क्षय मोकळा. रोग फार पसरलेला असेल तर यकृताला न दुखवणारी औषधे, म्हणजे एथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन, क्वचित स्ट्रेप्टोमायसिनची सुई, यांवर मधला काळ काढावयाचा. रोग बेताचा असेल तर काहीच न देता थांबावयाचे. त्या विडीवाल्या बाईंचा मुलगा दर दोन दिवसांनी येऊन विचारी, ‘डॉक्टर, आता गोळ्या कधी?’ ज्या घराला महिनाभर बजावून सांगितले की एक दिवस चुकला तर अनर्थ होईल, त्या घराला आता काही आठवडे गोळीवाचून काढावे लागतात, आणि त्यांच्या मनात हा डॉक्टर काही जाणतो की नाही अशी शंका उभी राहते. ती शंका रास्त मानून तिचा खुलासा करीत बसणे हाही उपचाराचाच भाग आहे. दर आठवड्याला रक्त काढून तपासावे लागते, आणि मजुरीवर जगणाऱ्या माणसाला तो खर्च जड जातो. मध्येच दुसरे कारणही धुंडाळावे लागते, कारण आपल्याकडे गोळ्या घेणाऱ्यालाही पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ होऊ शकते. १९५५–५६ साली दिल्लीत यमुनेचे दूषित पाणी शहराच्या नळांत आल्यावर हजारोंना झाली ती हीच, हे पुढे साठवून ठेवलेल्या रक्ताच्या तपासणीवरून कळले. तसे निघाले तर गोळ्यांवरचा आळ दूर होतो आणि सारा हिशेबच बदलतो.

बाईंची ती तपासणी स्वच्छ आली. तिसऱ्या आठवड्यात एसजीपीटी दुपटीच्या खाली उतरले, परंतु त्याआधीच मला अंदाज आला होता, कारण त्यांच्या सुनेने सांगितले की सासूबाईंनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मागून घेतली. मग औषधे परत आणण्याचे काम सुरू झाले, आणि ती एकदम आणावयाची नसतात, एकेक करून आणावयाची असतात: प्रथम रिफाम्पिसिन, कारण एकट्याने ते सर्वांत कमी अपराधी, काही दिवस वाट पाहून रक्त तपासले, ठीक निघाले, की आयसोनियाझिड, पुन्हा काही दिवस थांबून, पुन्हा तपासून, शेवटी पायराझिनामाइड. याच प्रश्नावर दिल्लीत एक चांगले परीक्षण झाले होते, त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. १७५ रुग्णांत औषधे परत आणण्याच्या तीन निरनिराळ्या पद्धती वापरून पाहिल्या, तेव्हा सुमारे अकरा टक्क्यांना यकृताची इजा पुन्हा झाली आणि पद्धतीपद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे दहांपैकी नऊजणांना बहुतेक औषधे परत देता येतात. हा आकडा मी घाबरलेल्या घरांना नेहमी सांगतो. धीर देण्यासाठी याहून चांगले शब्द मला सुचलेले नाहीत. बाईंना रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड सोसले. पायराझिनामाइड मी परत दिले नाही. कावीळ होऊन गेलेल्या त्या वयाच्या रुग्णात तो धोका पत्करण्यापेक्षा इलाजाची मुदत सहा महिन्यांऐवजी नऊ महिने करणे मला अधिक शहाणपणाचे वाटले. त्यांनी नऊ महिने पुरे केले, आणि शेवटची थुंकी तपासणी स्वच्छ आली.

क्षयाबाहेरही प्रतिजैविकांनी यकृताला होणारी इजा पाहावयास मिळते, त्यांत अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांच्या जोडगोळीचा क्रम पाश्चात्त्य देशांत पहिला लागतो. तिचा स्वभाव निराळा: ती बहुधा उतारवयातल्या पुरुषांना गाठते, पित्ताचा प्रवाह अडवते, आणि पुष्कळदा औषध संपून दोन-तीन आठवडे झाल्यावर अंगाला खाज सुटून कावीळ दिसते. दाढेच्या सुजेसाठी पाच दिवस घेतलेल्या गोळ्या कोणाला आठवतात? एका निवृत्त शिक्षकांना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्या एका स्नेह्याकडे पाठवण्यात आले होते. गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या चिठ्ठ्या आणा असे त्यांना सांगितल्यावर त्या दाढेच्या चिठ्ठीतून उलगडा झाला आणि शस्त्रक्रिया टळली. हा विकार बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप निवळतो.

क्षयाच्या गोळ्यांबाबत आता एक नवी परिस्थिती आली आहे, आणि तिच्याविषयी मला विशेष आस्था वाटते. २०२१ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने रुग्णाच्या घरातील निरोगी माणसांनाही, लहानमोठी सर्व, क्षय होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देण्याचे धोरण व्यापक केले आहे. हे धोरण मला मनापासून पसंत आहे. परंतु आजारी माणसाला औषध देणे आणि धडधाकट माणसाला औषध देणे यांत जबाबदारीचा फरक आहे, कारण धडधाकट माणसाच्या बाबतीत तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आज कोणताच रोग नसतो. आयसोनियाझिडचा यकृताशी असलेला संबंध उघडकीस आला तोसुद्धा असाच. हे औषध रसायन म्हणून १९१२ सालीच प्रागमध्ये तयार झाले होते, क्षयावर त्याचा गुण १९५२ साली कळला, आणि पुढची अठरा वर्षे आजारी माणसांच्या अनेक तक्रारींत यकृताची तक्रार मिसळून गेली. १९७० साली वॉशिंग्टनला कॅपिटल हिलवरील सरकारी नोकरांत क्षयाची लागण आढळल्यावर २,३२१ जणांना प्रतिबंधक म्हणून ते दिले गेले. त्यांपैकी १९ जणांना यकृतविकार झाला आणि दोघे दगावले. निरोगी माणसे औषधाने आजारी पडली तेव्हाच औषधाचा दोष निर्विवाद दिसला. नंतर वर्षानुवर्षे अमेरिकेतही डॉक्टर हे औषध लिहावयास कचरत असत.

हल्लीची पद्धत पुष्कळ सुरक्षित आहे. आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, अशा बारा मात्रा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणात या पद्धतीने यकृताची इजा ०.४ टक्के लोकांस झाली, तर नऊ महिने रोज आयसोनियाझिड घेणाऱ्यांत ती २.७ टक्के होती. परवाच वीजमंडळातल्या एका गृहस्थांशी हे सारे बोलणे झाले. पत्नीच्या थुंकीत जंतू सापडले होते, घरात महाविद्यालयात जाणारी मुलगी होती, आणि तिला गोळ्या द्याव्यात असे मी सुचवले.

‘साहेब, मुलगी धडधाकट आहे. तिला कशाला औषध? तिचं लिव्हर बिघडलं तर?’

प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यावयाचे होते. आईच्या शेजारी निजणाऱ्या मुलीला पुढल्या दोन वर्षांत क्षय होण्याचा धोका किती, गोळ्यांनी यकृत दुखावण्याचा धोका किती, पूर्वी कावीळ झाली होती का, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे सगळे त्यांच्यापुढे मांडले. आणि मग मुलीकडे वळून तिला सांगितले की बारा आठवड्यांत कधीही दोन दिवस सलग डबा तसाच परत आणावासा वाटला तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस, त्या आठवड्याची मात्रा घेऊ नकोस आणि येऊन रक्त दे. रक्ततपासणीचे पैसे आपण आजच भरून ठेवू का, असे वडिलांनी विचारले. त्याची गरज नव्हती. त्यांनी खिशातली डायरी काढून माझे म्हणणे तारखेसह लिहून घेतले, मुलीलाही लिहावयास लावले, आणि सोमवारी तिने पहिली मात्रा घेतली.